माल्टाच्या समुद्रात, ऐन हिवाळ्यात

आपल्या समाजातली मुले-मुली आता दूरदेशी नोकरीला जाऊ लागली आहेत. कुणी आखातात, कुणी जहाजावर, कुणी युरोपात म्हाताऱ्या-आजारी माणसांची सेवा करायला. मुले स्थिरावली की आईबापांनाही महिना-पंधरा दिवस बोलावून घेतात. परत आलेली मंडळी विमानाच्या, थंडीच्या, तिकडच्या बेचव जेवणाच्या गोष्टी रंगवून सांगतात. समुद्राबद्दल मात्र कुणी बोलत नाही. आम्हां उभयतांची गाठ नेमकी समुद्राशीच पडली, आणि तीही डिसेंबर-जानेवारीत. जे पाहिले आणि विचारून घेतले ते या पानावर मांडत आहोत; कारण उद्या आपल्यापैकी कुणाचे तरी लेकरू सुट्टीच्या दिवशी त्या किनाऱ्यावर उभे असणार आहे.

आमची मुलगी माल्टा या देशात एका वृद्धाश्रमात परिचारिका आहे. भूमध्य समुद्रात, इटलीच्या सिसिली बेटाच्या दक्षिणेला सुमारे ९० किलोमीटरवर हा देश. वस्तीची बेटे तीन. त्यांतले मोठे बेट २७ किलोमीटर लांब आणि १४ किलोमीटर रुंद, म्हणजे चर्चगेटहून निघालेली लोकल बोरिवली यायच्या आधीच ते संपवील. १९६४ पर्यंत तिथे इंग्रजांचे राज्य होते. लोक कॅथलिक, पण भाषा अरबीच्या पोटातली आणि लिहायची रोमन अक्षरांत. समुद्राला ते 'बाहर' म्हणतात.

पोहोचल्यानंतर पहिल्याच रविवारी मुलगी टॉवेल आणि लोकरीची टोपी पिशवीत घालून निघाली. कुठे म्हणून विचारले, तर म्हणाली, पोहायला. रस्त्यावर माणसे कोट घालून हिंडत होती. आम्ही दोघेही दारातच उभे राहिलो. मनात आले ते भयच, आणि त्या भयाला इतिहास आहे.

आमच्या गावात सवर्णांची पोरे उन्हाळ्यात पाठीला वाळका भोपळा बांधून मळ्यातल्या विहिरीत पोहायला शिकत. आपल्या पोरांनी त्या विहिरीच्या कठड्यालाही हात लावायचा नाही. नदीकाठच्या वस्तीतली मुले डोहात हातपाय मारायला शिकली, नाही असे नाही. पण डोह आटला की शिकणेही आटले. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे मंडळात १९२३ साली मंजूर झाला. बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले २० मार्च १९२७ रोजी. आणि त्या तळ्याचा दावा हायकोर्टात आपल्या बाजूने लागायला १९३७ चा मार्च उजाडला. पाणी पिण्यासाठी एवढी वर्षे लागली, तर पाण्यात पोहण्याची गोष्ट कुठे काढायची! आमची आजी म्हणायची, "पाण्याशी आपलं काय काम? प्यायला मिळालं तेवढं पुरे." अमेरिकेतही मिसिसिपी राज्यात बिलॉक्सी या गावी काळ्या लोकांना समुद्राच्या वाळूवर बसण्यासाठी आणि पाण्यात उतरण्यासाठी १९५९ ते १९६३ अशी चार वर्षे लढावे लागले, काठ्यांचा आणि साखळ्यांचा मार खावा लागला. महाड एकटे नव्हते.

म्हणूनच मुलगी दहा वर्षांची झाली तेव्हा आम्ही तिला हट्टाने महापालिकेच्या जलतरण तलावावर घातले. चाळीत पुष्कळ बोलणी झाली. मुलीच्या जातीला हे कशाला, पोशाख कसला, फी कसली. ती शिकली. पण दादरच्या तलावाचे पाणी वेगळे आणि भूमध्य समुद्राचे वेगळे. हे तिनेच आम्हांला सांगितले. "बाबा, हातपाय मारायला मी तलावात शिकले. समुद्र मला इथल्या आज्यांनी शिकवला."

या आज्या म्हणजे स्लीमा गावच्या पाच-सहा बायका, साठीच्या पुढच्या, दोघी तर पंचाहत्तरीच्या. स्लीमाचा किनारा वाळूचा नाही, खडकाचा आहे. खडकाला लोखंडी शिड्या ठोकलेल्या असतात, त्यांवरून पाण्यात उतरायचे. उन्हाळ्यात मोठ्या किनाऱ्यांवर जीवरक्षक असतात, बावटे असतात. हिवाळ्यात कुणी नसते. समुद्र आणि आपण. आम्ही रोज सकाळी गरम कपडे गुंडाळून त्या बायकांच्या मागे बाकावर बसू लागलो आणि पाहू लागलो.

पहिली गोष्ट ध्यानात आली ती ही, की त्या लगेच पाण्यात जात नाहीत. पंधरा मिनिटे नुसत्या उभ्या राहून पाहतात. आपण मुंबईची माणसे समुद्र म्हटला की भरती-ओहोटी विचारतो. आपल्याकडे अमावास्या-पौर्णिमेला पाणी चार मीटरहून अधिक चढते-उतरते. माल्टात ते चढते वीतभर. दादर चौपाटी पाहिलेल्या माणसाला वाटावे, हा समुद्र नव्हेच, तळे आहे. पण तिथला धनी चंद्र नाही, वारा आहे. आणि प्रत्येक वाऱ्याला नाव आहे. वायव्येकडून येतो तो मज्जिस्त्राल, हा वारंवार वाहणारा. ईशान्येकडून येतो तो ग्रिगाल, हा हिवाळ्यातला दांडगा. आग्नेयेकडून येतो त्याला म्हणतात श्लोक्क. हे नाव ऐकून आम्हांला हसू आले. ज्या शब्दाच्या वाऱ्यालाही आपल्या पूर्वजांनी उभे राहू नये असा नियम होता, तो इथे खरोखरचाच वारा निघाला!

या बायकांचा नियम सोपा आहे. वारा कुठून येतो ते पाहायचे आणि बेटाच्या उलट्या बाजूला जायचे. बेट एवढेसे, बसने तासाभरात दुसरा किनारा. मज्जिस्त्राल सुटला की पश्चिमेकडच्या गोल्डन बे आणि आयन तुफ्फिहा या सुंदर वाळूच्या किनाऱ्यांवर जायचे नाही. तिथे लाटांनी आत आणलेले पाणी एखाद्या चिंचोळ्या पट्ट्यातून परत समुद्राकडे धावते आणि कमरेएवढ्या पाण्यात उभ्या माणसाचेही पाय ओढून नेते. अशा ओढीत सापडले तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडायचे नाही. दम जातो आणि माणूस बुडतो. तरंगत राहायचे, किनाऱ्याला समांतर सरकायचे, ओढ सुटली की मग आत वळायचे. त्या दिवसांत आग्नेय टोकाचे बिर्झेब्बुजा बरे. उलट ग्रिगाल असला की स्लीमाचे खडक वर्ज्य.

आणि वारा पडला म्हणजे समुद्र निजला असे समजायचे नाही. दोन दिवस वाहिलेल्या वाऱ्याने उठवलेले पाणी तिसऱ्या दिवशीही येतच राहते. आठ-दहा मिनिटे सारे गुळगुळीत, मग एकामागून एक तीन-चार मोठे फुगवटे. म्हणूनच ती पंधरा मिनिटे. त्यांतली एक आजी आम्हांला म्हणाली, उतरायची जागा कुणीही शोधेल, वर यायची जागा आधी शोधा. एक नव्हे, दोन. लाट उसळत असताना शिडीपाशी येणारा माणूस खडकावर आपटतो. हे आम्हांला फार पटले. गिरणीत काम केलेल्या माणसाला आगीच्या वेळी बाहेर पडायचा दरवाजा आधी पाहून ठेवायची सवय असते, तसेच हे.

आपल्या कोळी बांधवांचा समुद्र पावसाळ्यात बंद असतो आणि नारळी पौर्णिमेला खुला होतो. भूमध्यात हे चक्र उलटे. जुन्या रोमन लेखकाने ११ नोव्हेंबर ते १० मार्च समुद्र बंद असल्याचे लिहून ठेवले आहे. ख्रिस्ती लोकांचा संत पॉल कैदी म्हणून रोमकडे नेला जात असता त्याचे जहाज अशाच अवेळी माल्टाच्या खडकांवर फुटले, अशी त्यांची श्रद्धा आहे. त्याचा सण ते १० फेब्रुवारीला करतात. सणाचे आपण सोडून देऊ, पण हिवाळ्याच्या त्या पाण्याला दोन हजार वर्षे लोक भीत आले आहेत एवढे त्यातून खरे.

आता थंडीचे. डिसेंबरात तिथले पाणी १८ अंशांच्या आसपास, फेब्रुवारीपर्यंत १५-१६ वर उतरते. कानाला हा आकडा काही भयंकर वाटत नाही. दुपारी हवाही तेवढीच असते आणि ऊन पडले की स्वेटर काढावासा वाटतो. फसगत इथेच होते. हवेपेक्षा पाणी अंगातली ऊब सुमारे २५ पट वेगाने काढून नेते. माणूस एकदम उडी मारतो तेव्हा पहिल्याच क्षणी मोठा हुंदका यावा तसा श्वास आत ओढला जातो. तो आवरणे आपल्या हाती नसते. त्या वेळी तोंड पाण्याखाली असेल तर पाणी छातीत जाते. मग धाप लागते, हृदय धडधडते, रक्तदाब चढतो. एक ते तीन मिनिटांत हा जोर ओसरतो. पुष्कळ माणसे मरतात ती या पहिल्या मिनिटांत. गारठून मरायला वेळ लागतो, धसक्याने मरायला लागत नाही. त्यानंतर पाण्यात राहिलात तर हातापायांचे बळ हळूहळू जाते. पोहणारा कितीही तरबेज असो, बोटे शिडीचा गज धरीनाशी होतात.

त्या आज्या कधीच उडी मारीत नाहीत. शिडीच्या पायऱ्या एकेक उतरतात. गुडघ्यापर्यंत झाले की ओंजळीने हात, मान, तोंड भिजवतात. छातीपर्यंत पाणी आले की गज धरून थांबतात आणि तोंडाने लांब श्वास सोडीत राहतात. विपश्यनेला बसलेल्या माणसाचे जसे सारे लक्ष श्वासावर असते तसे. श्वास ठिकाणावर आला की मग हात सोडतात. किनाऱ्याला लागून पोहतात, खोल आत जात नाहीत. डोक्यावर भडक रंगाची टोपी, कमरेला दोरीने बांधलेला नारिंगी फुगा, पायांत रबरी बूट. खडकांवर काळे काटेरी सागरी जीव असतात, पाय पडला तर काटे आत मोडतात. पाच-सात मिनिटे, फार तर दहा. बरे वाटत असतानाच बाहेर. काकडायला लागण्याची वाट पाहायची नाही, कारण बाहेर आल्यावरही काही वेळ शरीर आतून थंड होतच राहते. ओले कपडे लगेच उतरवायचे, आधी वरचे अंग कोरडे करायचे, डोक्याला टोपी, मग गरम चहा. लगेच गरम पाण्याची आंघोळ नको, चक्कर येते. दारू तर नकोच. आपल्या पंचशिलेत ते आहेच, तिथे त्याला डॉक्टरांचाही दुजोरा मिळतो.

आमच्यापैकी मुलीच्या वडिलांना रक्तदाबाची गोळी चालू आहे. मुलीने तिच्या ओळखीच्या डॉक्टरांना विचारले तेव्हा त्यांनी स्पष्ट नाही म्हणून सांगितले. हृदयाचा विकार, वाढता रक्तदाब असलेल्यांनी त्या पाण्यात डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाऊल घालू नये. वडिलांकडे मग किनाऱ्यावरची राखण आली. तेही लहान काम नव्हे. एकटे कुणी पोहायचे नाही आणि काठावर एक तरी कोरडा माणूस हवा, हा त्या मंडळींचा कडक नियम आहे. त्या माणसाने फोन हातात ठेवायचा, क्रमांक ११२, आणि डोळे पाण्यावर.

२५ डिसेंबरला सकाळी घरी बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावून आम्ही मनुस्मृती दहनाचा दिवस पाळला. बाहेर गावभर नाताळच्या घंटा वाजत होत्या. दुपारी मुलीबरोबर किनाऱ्यावर गेलो. ग्रिगाल दोन दिवस वाहून पहाटे पडला होता. ऊन होते, पाणी वरवर शांत. आज्यांनी नेहमीप्रमाणे पाहिले आणि पिशव्या बांधून बाकावर बसल्या, आज नाही.

तेवढ्यात दोन तरुण आले. आपल्याच देशातले, हिंदी बोलणारे, स्कूटरवरून घरोघरी जेवण पोहोचवण्याचे काम करणारे. वर्षातली एक सुट्टी. आज्यांनी हात हलवून नको म्हटले, पण कपडे काढून त्यांनी खडकावरून उड्या मारल्यासुद्धा. एक जण शिडीकडे परतला आणि वर चढला. दुसरा वर आला तो तोंड उघडे, डोळे विस्फारलेले, शब्द फुटत नाही. त्याच वेळी ते मोठे फुगवटे आले. शिडी पांढऱ्या फेसाखाली दिसेनाशी झाली आणि तो तिकडेच धडपडू लागला. त्याचा सोबती पुन्हा उडी मारायला निघाला. एका आजीने त्याचा दंड धरून ठेवला. एकात दोन बुडतात, हे त्यांना पाठ आहे. आमच्या मुलीने हिंदीत ओरडून सांगितले, पाठीवर झोप, कान पाण्यात जाऊ दे, हात पसर, शिडीकडे येऊ नकोस. दोनदा, तीनदा सांगितले. तो उताणा झाला. खांबाला टांगलेले रबरी कडे दोरीसकट त्याच्याजवळ फेकले, ते त्याने बगलेत घेतले. मग मोठ्या लाटा सरेपर्यंत सगळे थांबले. ते थांबणे फार जड गेले. पाणी बसले तशी दोरी ओढली. शिडीपाशी आला तेव्हा त्याची बोटे मिटत नव्हती. दोघांनी मनगटे धरून त्याला वर घेतला. सगळे मिळून पाच-सहा मिनिटे झाली असतील. वडिलांनी ११२ लावला होता. रुग्णवाहिका आली, तपासले, घेऊन गेले. संध्याकाळी तो परत खोलीवर आला.

गाडीत बसवण्यापूर्वी कोटात गुंडाळलेला तो पोरगा दात वाजवीत मुलीच्या आईला म्हणाला, "आंटी, मला पोहता येतं. गावच्या विहिरीत मी वरच्या काठावरून उड्या मारायचो." विहीर त्याला खुली होती, आम्हांला बंद होती, पण त्या दुपारी त्या पाण्यापुढे त्याची पाटी आणि आमची पाटी सारखीच कोरी होती. ज्या आज्या त्याच्या निम्म्याही ताकदीच्या नाहीत त्या सुखरूप बाकावर बसल्या होत्या, कारण त्यांनी पाहिले होते.

हाच समुद्र ओलांडून आफ्रिकेतली, अरब देशांतली माणसे फुटक्या बोटींतून युरोपकडे येतात. २०१४ पासून तीस हजारांहून अधिक जीव त्यात गेले. २०१५ च्या एप्रिलमध्ये लिबियाकडून निघालेली एक बोट बुडाली, शेकडो माणसे गेली. हाती लागलेल्या २४ मृतदेहांचे माल्टात दफन झाले, नावाविना. मुलीने हे सांगितले त्या रात्री आम्हांला जेवण गेले नाही. एकाच पाण्यात एकाची सुट्टी आणि दुसऱ्याची कबर. यावर काय लिहावे ते सुचत नाही, पण लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही.

मुलीच्या आईने आठवडाभर काही म्हटले नाही. मग एके रात्री विचारले, तिकडे उथळ पाणी कुठे आहे? ३ जानेवारीला, सावित्रीमाईंच्या जयंतीला, मज्जिस्त्राल मंद वाहत होता. आम्ही बसने बिर्झेब्बुजाच्या प्रिटी बे या वाळूच्या किनाऱ्यावर गेलो. दोघी आज्याही आल्या. तिथे पाणी हळूहळू खोल होत जाते, पायाखाली सपाट वाळू. आधी सगळ्यांनी मिळून पाणी पाहिले. वारा पाठीवर, लाट नाही, जांभळे जेलीफिश कुठे नाहीत ना तेही पाहिले. हा जीव माल्टात हिवाळ्यातही किनाऱ्याला येतो. लागलाच तर समुद्राच्याच पाण्याने धुवायचे. गोडे पाणी किंवा व्हिनेगर लावायचे नाही, चोळायचे नाही.

लांब बाह्यांचा पोशाख आणि मुलीची टोपी घालून आई उतरली. घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत. हात-मान भिजवली. कमरेशी पाणी आले तेव्हा श्वास अडकला, तशी मुलगी म्हणाली, सोड, आई, सोड, लांब सोड. सोडला. मग एका बाजूला मुलगी आणि दुसऱ्या बाजूला आजी, त्यांच्या हातांवर पाठ टेकून ती उताणी झाली. पाय वाळूवरून सुटले. वर आभाळ. वडिलांनी काठावरून घड्याळ धरले होते. चार मिनिटे झाल्यावर त्यांनी हाक मारली.

बाहेर येऊन तिने आधी वरचे अंग पुसले, टोपी बदलली आणि आजीच्या थर्मासातला चहा दोन कप प्यायली. दात वाजत होते आणि हसू थांबत नव्हते. तो पोशाख वाळायला मात्र दोन दिवस लागले. हिवाळ्यात माल्टाची हवा फार दमट असते, जाणाऱ्यांनी कपड्यांचा दुसरा जोड बरोबर न्यावा.